दुपारचं काय करायचं?

मराठी माणसाच्या सहलींचं पंचांग ठरलेलं असतं. पावसाळ्यात घाटमाथा, दिवाळीच्या सुटीत लांबचा पल्ला आणि मे महिन्यात जिथे अंगावर शाल घ्यावी लागेल असं एखादं ठिकाण. हे पंचांग इतकं अंगवळणी पडलेलं आहे की तमिळनाडूला जायचं म्हटलं तरी आधी तेच उघडलं जातं. आमच्याकडेही तेच झालं. "दिवाळीत जाऊ या, पाऊस संपलेला असतो," वहिनी म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाऊस संपलेला असतो, पण तो आपला. नैर्ऋत्येचा पाऊस सह्याद्री आणि निलगिरीच्या पश्चिम अंगावर रिता होतो आणि पलीकडच्या तमिळ मैदानाला त्यातलं फारसं काही मिळत नाही. त्यांचा खरा पावसाळा आपण छत्र्या माळ्यावर टाकल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरात वारा उलटा फिरतो, बंगालच्या उपसागरावरून भरून येतो आणि तमिळनाडूचा वर्षभरातला जवळजवळ निम्मा पाऊस डिसेंबर संपेपर्यंत पाडून मोकळा होतो. म्हणजे आपल्या दारात आकाशकंदील लागतात त्या सुमारास निलगिरीच्या रेल्वेमार्गावर दरडी कोसळत असतात आणि गाडी रद्द झाल्याची बातमी येते. दिवाळी बाद झाली.

मे महिन्याला आईने एका वाक्यात निकालात काढलं. "मदुराईत मे महिन्यात देव तरी बाहेर पडतो का?" गंमत अशी की पडतो. एप्रिल-मेमध्ये तिथे चित्तिरै उत्सव असतो. मीनाक्षी आणि सुंदरेश्वराचं लग्न लागतं, रथ निघतात आणि मीनाक्षीचा भाऊ अळगर, म्हणजे विष्णू, आपल्या डोंगरातलं देऊळ सोडून बहिणीच्या लग्नाला यायला निघतो. तो पोचेपर्यंत लग्न लागून गेलेलं असतं. वैगई नदीच्या पात्रात घोड्यावर बसून उतरणाऱ्या त्या उशीर झालेल्या भावाला बघायला लाखो लोक उन्हात उभे राहतात. देवाला जे जमतं ते गुडघेदुखीच्या बाईला जमेलच असं नाही, हे आईनेच पुढे सांगितलं. शिवाय मेमध्ये सगळा दक्षिण भारत उटीला लोटतो. ती गर्दी इतकी हाताबाहेर गेली की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून निलगिरीत आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागू झाला. पुढच्या उन्हाळ्यात तर रोजच्या गाड्यांच्या संख्येवरच मर्यादा आली. डोंगराला किती माणूस झेपतो हा प्रश्न कोर्टात जावा यातच सगळं आलं.

नाताळात गर्दी, जानेवारीच्या मध्यावर पोंगल. उरला फेब्रुवारी. पाऊस गेलेला, उटीतलं पहाटेचं दहिवर ओसरत आलेलं, मदुराईचं ऊन अजून माणसात असलेलं. घरात शाळेत जाणारं कुणी उरलेलं नसण्याचे काही फायदे असतात.

महिना ठरला, पण नकाशाने पुढची कुरबुर सुरू केली. दादाला नकाशात बघून अंतर मोजायची सवय आहे. त्याच्या पहिल्या आराखड्यात म्हैसूर, उटी, कोडाईकनाल, मदुराई, तंजावर अशी पेन्सिलची एक देखणी रेघ होती. कागदावर उटी आणि कोडाई बोटभर अंतरावर दिसतात, दोन्ही डोंगरातली, तेव्हा एका गारव्यातून निघून दुसऱ्या गारव्यात जायचं, अशी त्याची कल्पना. प्रत्यक्षात या दोन डोंगरांच्या मध्ये एक अख्खं मैदान पसरलेलं आहे. उटीहून निघायचं तर दोन हजार मीटर खाली उतरायचं, कोइमतूरची धूळ खायची, पळणीच्या पायथ्याशी यायचं आणि पुन्हा तेवढंच वर चढायचं. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण दिवस सगळा त्यातच जातो. वळणं किती ते विचारू नये. एकट्या म्हैसूरकडून मसिनगुडीमार्गे उटीला चढणाऱ्या कल्हट्टी घाटात केसातल्या पिनेसारखी ३६ वळणं आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. आईला गाडी लागते. ज्याला गाडी लागते त्याला वळणांचे क्रमांक वाचून दाखवणं हा छळ आहे. त्यात म्हैसूरच्या बाजूने यायचं तर बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. तो हत्ती-वाघांचा वेळ. मला हा नियम फार आवडतो. रस्ता आपण बांधला म्हणून चोवीस तास आपलाच, असं निदान एका ठिकाणी तरी चालत नाही.

म्हैसूर गळलं आणि चढण्यासाठी रेल्वे नक्की झाली.

या रेल्वेबद्दल मी जितकं वाचत गेले तितका बेताचा बाकीचा भाग मागे पडत गेला. मेट्टुपाळयम ते उदगमंडलम, ४६ किलोमीटर. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला आणि उटीपर्यंत गाडी पोचायला १९०८ उजाडलं. २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. 'दिल से'मधलं आगगाडीच्या टपावरचं नाचगाणं याच मार्गावर चित्रित झालं, हे वहिनीने सांगितलं आणि तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. माझा मात्र तिथून सुरू झाला. मेट्टुपाळयमहून गाडी सुटल्यावर कल्लारपर्यंत साध्या रुळांवरून जाते. कल्लारनंतर दोन रुळांच्या मधोमध आणखी काहीतरी दिसायला लागतं. लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि दोन्हींना वरच्या कडेला दात. एका पट्टीचा दात जिथे असतो तिथे दुसरीची खाच येते. इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाकं असतात. ती या दातांत बसतात आणि एक एक दात पकडत गाडी चढते. दोन्ही पट्ट्यांचे दात असे मागेपुढे ठेवल्यामुळे कुठल्याही क्षणी एक तरी दात पक्का धरलेला असतो. बाराला एक असा चढ, म्हणजे बारा पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. नुसत्या गुळगुळीत चाकांनी एवढा चढ चढता येत नाही, ती जागच्या जागी फिरत राहतील. इंजिन गाडीच्या पुढे नसतं, मागे असतं. ते डबे ओढत नाही, खालून ढकलत नेतं. म्हणजे पहिल्या डब्यात बसलेल्याच्या समोर धूर नाही, इंजिन नाही, नुसता डोंगर. ही वाफेची इंजिनं मुळात स्वित्झर्लंडच्या विंटरथुरमध्ये घडवलेली. अलीकडे तशीच नवी इंजिनं तिरुचिरापल्लीच्या पोन्मलै कारखान्यात बांधली गेली. वर जायला जवळजवळ पाच तास लागतात, खाली यायला साडेतीन. मोटारीने हेच अंतर दीड-दोन तासांत होतं.

"मग पाच तास कशाला घालवायचे?" दादाचा प्रश्न. बेत आखताना घरात एक तरी असा माणूस असतो. मी त्याला तापमानाचा हिशेब दाखवला. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वातीनशे मीटरवर, तर उटी बावीसशेवर. म्हणजे एका बाकावर बसल्या बसल्या बारा अंशांचा फरक. मोटारीत काच बंद करून बसलं तर तो खाली उतरताना एकदम अंगावर येतो. गाडीत तो सुपारीच्या बागांपासून जंगलापर्यंत आणि जंगलापासून चहाच्या मळ्यांपर्यंत स्टेशनागणिक कळत जातो. दादाला हिशेब पटतात. त्याने मान हलवली.

यानंतर शहरांची पाळी आली आणि बेताला मोठं भोक पडलं.

टूरवाल्यांची पत्रकं वाचली की वाटतं, दिवस म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ असा सलग पट्टा आहे. त्यावर पॉइंट बसवत जायचे. उटीत ते चालतंही: तळं, बोटॅनिकल गार्डन, दोड्डबेट्टा, चहाचा कारखाना, चॉकलेटचं दुकान. मदुराई आणि तंजावरला चालत नाही. मीनाक्षीचं देऊळ दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतं आणि चारला उघडतं. तंजावरच्या बृहदीश्वराचंही तेच. लहान-मोठी बहुतेक जुनी देवळं याच चालीची. देवाला जेवण, मग विश्रांती. जेवणावळींचंही वेळापत्रक ठरलेलं. साध्या, जुन्या धाटणीच्या खाणावळीत दुपारी 'मील्स' मिळेल, डोसा मागाल तर मान हलेल. डोसा सकाळी किंवा संध्याकाळी टिफिनच्या वेळेला. दादाच्या तक्त्यात रोज दुपारी साडेबारा ते चार हा चौकोन कोरा राहायला लागला आणि त्याच्याच्याने तो कोरा बघवेना. एके दुपारी त्याने तिरुमलै नायकाचा १६३६ चा महाल बसवला. एके दुपारी तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय. बाकीच्या दुपारी काय करायचं? त्याने विचारलं तेव्हा आवाजात खरोखर काकुळती होती.

पुण्यातल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून आमची अख्ख्या महाराष्ट्राने टिंगल केली. त्या टिंगलीतला अर्धा भाग मत्सराचा होता असं माझं जुनं मत आहे.

पण त्या कोऱ्या चौकोनाकडे बघताना मला निराळंच काही दिसायला लागलं. उकाड्याचं काय करायचं, याची दोन उत्तरं या एकाच सहलीत समोरासमोर उभी आहेत. मैदानातल्या शहरांनी दिलेलं उत्तर म्हणजे थांबणं. जाड दगड, खांबांनी भरलेले मंडप, आत जाल तसा कमी होत जाणारा उजेड, मधोमध तळं आणि दुपारी दार बंद. मीनाक्षीच्या हजार खांबी मंडपात खांब प्रत्यक्षात ९८५ आहेत, आणि तिथे भर दुपारच्या आधी उभं राहिलं तर इतके खांब कशासाठी, याचं एक उत्तर अंगाला कळतं. दार बंद होण्यामागचं कारण उपासनेचं आहे हे मान्य. तरीही देवाला झोप नेमकी त्याच वेळी यावी, ज्या वेळी भक्ताला रस्त्यावर भोवळ येईल, यात मला फार मोठं शहाणपण दिसतं. तंजावरच्या फरसबंदीवर मध्यान्हीला अनवाणी उतरून बघावं. अंथरलेल्या काथ्याच्या चटया जिथे संपतात तिथे भक्तीची कसोटी सुरू होते. या देवळाच्या शिखराची सावली दुपारी बारा वाजता जमिनीवर पडत नाही, अशी एक कथा गाईड लोक अजून सांगतात. सावली पडते. पण बारा वाजता त्या तापलेल्या दगडावर उभं राहून ती शोधणार कोण? म्हणूनच कथा टिकली असावी.

इंग्रजांचं उत्तर दुसरं: वर चढा. थांबायचं नाही, काम चालूच ठेवायचं, पण हवाच बदलायची. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये निलगिरीवर चढला. तीन-चार वर्षांत त्याने तिथे दगडी घर बांधलं, तळं करवलं, बटाट्यापासून फुलांपर्यंत सगळं लावून पाहिलं. पुढे मद्रासचं सरकारच दर उन्हाळ्यात फायलींसकट वर जायला लागलं. मुंबईचं सरकारही असंच महाबळेश्वरला जायचं, तेव्हा आपल्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. आजही आपण महाबळेश्वरला जातो ते त्याच सरकारी सवयीने, पॉइंटांची तीच नावं घेत.

दोन उत्तरांचं नातं सगळ्यात उघड दिसतं ते मदुराई आणि कोडाईकनाल यांच्यात. कोडाई इंग्रज अधिकाऱ्यांनी वसवलेलं नाही. मदुराईत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांना उकाडा आणि ताप सोसेना, घरातली माणसं दगावायला लागली, तेव्हा १८४५ मध्ये त्यांनी पळणीच्या डोंगरात पहिले बंगले बांधले. म्हणजे मदुराईच्या दुपारीतूनच कोडाई जन्माला आलं. तेव्हा मोटाररस्ता नव्हता. गोरी माणसं पायवाटेने वर गेली ती हमालांच्या खांद्यांवरून, खुर्च्यांत आणि डोल्यांत बसून. पुढे मदुराईच्याच एका कलेक्टरने, व्हेरे लेव्हिंज त्याचं नाव, १८६३ मध्ये ओढा अडवून तिथलं चांदणीच्या आकाराचं तळं केलं. आज त्या तळ्यावर पायडलच्या होड्या फिरतात. ज्यांच्या खांद्यांवरून हे गाव वर चढलं त्यांच्याविषयी पत्रकात ओळ नसते.

मला या दोन उत्तरांतलं पहिलं अधिक आवडतं, हे कबूल करून टाकावं. थंड हवेच्या ठिकाणी गेल्यावर पहिल्या संध्याकाळी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी 'बघायला काय आहे' असा प्रश्न पडतो. उटीत मूळचं काय आहे हे शोधावं लागतं. डोंगरांच्या घडीघडींतून उरलेली शोला जंगलं, त्यांच्यामधली उघडी गवताळ माळरानं आणि त्या माळांवर म्हशी राखणारे तोडा. माणसं तिथे पूर्वीपासून होती. त्यांच्या गवताच्या, अर्धगोल पाठीच्या झोपड्या, पांढऱ्या जाड कापडावरचं लाल-काळं भरतकाम, म्हशींभोवती फिरणारा सगळा धर्म. सलिव्हनने निदान जमीन तोडांची आहे, हे वरिष्ठांसमोर मांडलं होतं. ते ऐकलं गेलं असतं तर आजचं उटी वेगळं दिसलं असतं. मग निलगिरी आणि वॉटलची झाडं लावली गेली आणि माळ झाकले गेले. आज आपण त्याच निलगिरीच्या तेलाची बाटली उटीची खूण म्हणून घरी आणतो, ते झाड ऑस्ट्रेलियाचं आहे. एक मात्र सांगायला हवं. स्नूकरचे नियम १८८२ मध्ये उटीच्या क्लबात लिहिले गेले. सुटीवर आलेल्या लोकांना वेळ कसा घालवावा हा प्रश्न तेव्हाही पडत होता, हे यावरून दिसतं.

तंजावरच्या बाबतीत माझ्या अंगावर वेगळी जबाबदारी आली. मराठी कुटुंब तंजावरला निघतं तेव्हा ते आपल्याच घरी निघाल्यासारखं निघतं. आईने आधीच सांगून टाकलं होतं, "तिथे आपल्या राजांचं देऊळ आहे ना?" आपल्या राजांचं नाही. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पुरं केलं. दोनशे फुटांहून उंच विमान, म्हणजे शिखर, सगळं ग्रॅनाइटचं, आणि त्या भागात जवळपास ग्रॅनाइट नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरचे धनी झाले ते १६७५ च्या सुमारास, म्हणजे देऊळ उभं राहून साडेसहा शतकं उलटल्यावर. आपण तिथले शेवटून दुसरे भाडेकरू. शेवटचे इंग्रज.

पण भाडेकरूंनी जे केलं ते थोडं नव्हतं. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे यांनी तिथे मराठीत नाटकं लिहिली, तीही विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'च्या दीडशे वर्षं आधी. आणि दुसरे सरफोजी. १७९८ मध्ये ते गादीवर बसले, पुढच्याच वर्षी कंपनीने करार करून राज्यकारभार काढून घेतला. किल्ला आणि थोडाबहुत परिसर तेवढा राहिला. हातातून राज्य गेलेला राजा काय करतो? यांनी पुस्तकं जमवली. श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली ते शिकले होते, युरोपातून ग्रंथ आणि उपकरणं मागवायचे, धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग चालायचे, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या जायच्या. सरस्वती महाल नायक राजांच्या काळापासूनचा, पण आज त्याला जे रूप आहे ते यांच्यामुळे. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांचे गठ्ठे तिथे आहेत.

आणि १८०३ मध्ये सरफोजींनी भोसल्यांच्या वंशाची हकिकत बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतली. तरुणपणी मी एकदा कामानिमित्त तंजावरला गेले होते तेव्हा ती पाहिली आहे. देवळात शिरल्यावर आपण आधी वर बघतो, मान दुखेपर्यंत. ही भिंत त्यासाठी नाही. ती डोळ्यांच्या उंचीवर आहे, हाताला लागेल इतकी जवळ. सगळीकडे तमिळ अक्षरांची गोलाई, आणि इथे अचानक देवनागरीच्या उभ्या काड्या. ओळीखाली ओळ, तिच्याखाली ओळ. मी चाचपडत वाचायला लागले. एखादं नाव चटकन लागायचं, मग चार शब्द हरवायचे, मग पुन्हा ओळखीचा प्रत्यय यायचा. मागे शाळेची सहल आलेली होती. त्यातल्या एका मुलीने मला तमिळमध्ये काहीतरी विचारलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला हे वाचता येतं?" मी थोडंसं म्हणाले. तिने लगेच मास्तरांना हाक मारली. मास्तरांनी मला पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचायला लावल्या आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या मराठीचा मला नीट अर्थ लागला नव्हता हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

आईला मी एवढंच सांगितलं, की देऊळ त्यांचं आहे, भिंत आपली आहे. तिला ते पटलं. "भिंत कितीला उघडते?" तिने विचारलं.

सकाळी आणि संध्याकाळी. त्यावरून शेवटी आराखड्याचा एक नियम निघाला, आणि दादानेही तो निमूटपणे मान्य केला. देवळाच्या प्रत्येक शहरात किमान दोन रात्री. म्हणजे दोन संध्याकाळी आणि एक-दोन सकाळी हाताशी येतात, दुपार जेवण आणि झोपेला मोकळी सोडायची. मदुराईत पहिल्या रात्री नऊच्या सुमाराला सुंदरेश्वराच्या पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शेजघरात जातात. हे रोज होतं, आणि त्यासाठी जागं राहायचं तर दुपारी झोपायलाच हवं. तिथे फोन आत नेता येत नाहीत. वहिनीला त्याचं वाईट वाटलं, मला नाही. देवळाभोवतीच्या चौकोनी रस्त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत, आत आडी, मग चित्तिरै, आवणी, मासी. पत्ता विचारताना महिना विचारावा लागतो, हे ऐकून आईने पाठ करायला घेतलं. दुपारी तिथे जिगरठंडा प्यायचा एवढं ठिकाण दादाच्या कोऱ्या चौकोनात बसलं.

कोडाईकनाल मात्र गळलं. यावरून बरंच वाजलं. वहिनीच्या मते दोन हिल स्टेशनं नाहीत तर ती सहल कसली. माझ्याकडे एकच मुद्दा होता, पण चांगला होता. नीलकुरिंजी. पळणी आणि निलगिरीच्या उतारांवर बारा वर्षांनी एकदा फुलणारी ती निळी-जांभळी झुडपं. २०१८ मध्ये फुलली, आता २०३० मध्ये फुलतील. कोडाईला जायचं तर तेव्हा जावं, आणि तेव्हा फक्त तिथेच जावं. बेत आखताना खोडलेलं ठिकाण नुसतं खोडलं तर माणसं रुसतात, पुढची तारीख दिली की ऐकतात. वहिनीने लगेच फोनमध्ये २०३० च्या ऑगस्टची आठवण लावून टाकली. तो फोन तोवर टिकतो का बघायचं.

जिंजीही गळली. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून ज्या किल्ल्यावर पोचले, ज्याला झुल्फिकारखानाने १६९० पासून १६९८ पर्यंत वेढा घालून ठेवला, तो किल्ला आईला बघायचा होता. पण तो आमच्या वाटेच्या पुष्कळ उत्तरेला. त्याऐवजी तंजावरपासून तासाभराच्या अंतरावर दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ घेतलं. तिथे चढ नाही, गर्दी कमी, आणि दगडी रथाची चाकं बसून बघता येतात.

आता राहिलं आरक्षण. रेल्वेचं बुकिंग पूर्वी चार महिने आधी खुलायचं, नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुलतं. दादाने गजर लावून ठेवला आहे. मेट्टुपाळयमची गाडी सकाळी सातच्या सुमाराला सुटते, म्हणजे कोइमतूरला आदल्या दिवशीच पोचायचं. डबे थोडे, मागणी फार, तेव्हा उटीपर्यंतची चार तिकिटं न मिळण्याची शक्यता बरीच आहे. तसं झालं तर कुन्नूरपर्यंतची बघायची, पुढे बसने जाऊ. दातांची पट्टी कल्लार ते कुन्नूर एवढ्याच टप्प्यात आहे. कुन्नूरला इंजिन बदलतं, डिझेलचं लागतं, आणि तिथून वर गाडी साध्या रुळांवर चालते.